औषध मोफत, भाकरी विकत

एचआयव्हीची औषधे सरकारी रुग्णालयांतून मोफत देण्यास भारतात १ एप्रिल २००४ रोजी प्रारंभ झाला. मुंबईचे जे. जे. रुग्णालय हे त्या पहिल्या मोजक्या केंद्रांपैकी एक. आरंभी ज्यांच्या रक्तातील सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेल्या आहेत अशांनाच ही औषधे मिळत. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने शिथिल होत गेली आणि २०१७ पासून ‘तपासणीत आढळला की उपचार सुरू’ हे धोरण आले. एकेकाळी मृत्युपत्र मानला जाणारा हा आजार आता मधुमेहासारखा आयुष्यभर सांभाळण्याचा झाला आहे. वैद्यकशास्त्राची ही कामगिरी लहान नाही. मात्र आयुष्यभर औषध घ्यायचे तर आयुष्यभर दोन वेळा जेवावेही लागते, आणि त्या जेवणाची तजवीज औषधालयाच्या खिडकीवर होत नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्यांची अन्न-असुरक्षितता हा विषय आफ्रिकेच्या संदर्भात गेली वीस-पंचवीस वर्षे अभ्यासला जात आहे. आपल्याकडे त्याची चर्चा क्वचित होते. वास्तविक देशातील एचआयव्हीबाधितांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रातच आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) २०२३ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. त्यांपैकी जवळपास चार लाख आपल्या राज्यातले.

हा प्रश्न महानगरात एका रूपात दिसतो आणि खानदेशातील शिंदखेड्यासारख्या तालुक्यात दुसऱ्या. येथे दुसऱ्या रूपाचा विचार करायचा आहे.

तापीकाठचा कोरडा तालुका

शिंदखेडा हा धुळे जिल्ह्यातील तालुका. उत्तरेला तापी, तालुक्यातून वाहणाऱ्या बुराई आणि पांझरा याच नदीला मिळणाऱ्या; तापीवर सुलवाड्याचा बॅरेजही आहे. नकाशा पाहणाऱ्याला हा मुलूख पाणीदार वाटावा. प्रत्यक्षात नदीकाठचा पट्टा सोडला तर बहुतेक शेती पावसावर अवलंबून आहे आणि पाऊस भरवशाचा नाही. राज्य सरकारने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यांत शिंदखेडा होता. बाजरी, ज्वारी, मूग, उडीद, भुईमूग ही इथली खाण्याची पिके आणि कापूस हे पैशाचे. दोंडाईचाची मिरचीची बाजारपेठ दूरवर प्रसिद्ध आहे. नदीकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीला येणारी ‘दादर’ ज्वारी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ही खानदेशाची ओळख. मात्र ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला दादरही विकतच घ्यावी लागते.

भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबांचे वर्ष येथे आखाजीपासून मोजतात. अक्षय्य तृतीयेला सालदाराचा करार संपतो आणि नवा ठरतो. त्यानंतर पेरणी, निंदणी, मग दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी. आषाढ-श्रावणाचे दिवस सर्वांत अडचणीचे, कारण घरातले धान्य संपलेले असते आणि नवे हाती आलेले नसते. वेचणी आटोपल्यावर गावात काम उरत नाही. मग अनेक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांकडे, तर कोणी दक्षिण गुजरातेत. बारडोली परिसरातील खानदेशी ऊसतोड मजुरांवर डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकापासून विस्ताराने लिहिले आहे. तरुण मुले सुरतेच्या कापड उद्योगात जातात. सुरत-भुसावळ हा लोहमार्ग दोंडाईचा, शिंदखेडा आणि नरडाण्यावरूनच जातो. नरडाण्यावरून मुंबई-आग्रा महामार्गही जातो.

एचआयव्हीचा संसर्ग अशा वाटांनी पसरला हे खरे. याचा अर्थ स्थलांतर करणारे दोषी, असा काढण्याची घाई मात्र करू नये. घरापासून सहा-आठ महिने दूर राहण्याची पाळी ज्यांच्यावर कोरड्या जमिनीने आणली, त्यांना धोका अधिक होता, इतकाच त्याचा अर्थ. त्यांच्या बायका तर बहुतांशी गावातच होत्या.

अन्न-असुरक्षितता कशाला म्हणावे?

उपासमार आणि अन्न-असुरक्षितता यांत भेद आहे. १९९६ मध्ये रोम येथे भरलेल्या जागतिक अन्न परिषदेने अन्नसुरक्षेची जी व्याख्या केली तिच्यानुसार सर्व माणसांना, सर्व काळी, पुरेसे, सुरक्षित आणि पोषक अन्न मिळवण्याची भौतिक व आर्थिक क्षमता असणे म्हणजे अन्नसुरक्षा. यातील ‘सर्व काळी’ हे शब्द शिंदखेड्यासारख्या तालुक्यात फार महत्त्वाचे. मार्गशीर्षात ज्या घरात डबे भरलेले दिसतील त्याच घरात श्रावणात चुलीवर काय ठेवावे हा प्रश्न असू शकतो.

तिच्या मोजमापासाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली आहे. तीत नऊ प्रश्न असतात आणि ते मागील चार आठवड्यांबद्दल विचारले जातात. पहिला प्रश्न भुकेचा नसून काळजीचा आहे: घरात पुरेसे अन्न नसेल अशी चिंता वाटली का? त्यानंतर आवडीचे अन्न न मिळणे, तेच ते खावे लागणे, घास कमी करणे, वेळेचे जेवण गाळणे, असे करीत प्रश्न शेवटी ‘पूर्ण दिवस आणि रात्र काहीही न खाता गेली का’ येथवर पोहोचतात. या उतरंडीत आपल्याकडील बाईची जागा कोठे असते हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही. ती सर्वांच्या शेवटी जेवते. घरात आजारी कोण आहे हे कळेपर्यंत तिचे वजन घटलेले असते.

शरीराचे गणित

विषाणू शरीरात असतो तेव्हा शरीर स्वस्थ बसलेले असतानाही अधिक ऊर्जा खर्च करते. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार लक्षणे नसलेल्या एचआयव्हीबाधित प्रौढाची ऊर्जेची गरज सुमारे १० टक्क्यांनी वाढते. लक्षणे दिसू लागल्यावर ही वाढ २० ते ३० टक्के होते, आणि वजन घटत असलेल्या बाधित मुलांच्या बाबतीत ती ५० ते १०० टक्क्यांपर्यंत जाते. हे आकडे घरच्या मापात मांडून पाहू. ज्या बाईला दिवसाला २,००० किलोकॅलरी लागतात तिला निरोगी दिसत असतानाही रोज साधारण एक भाकरी जास्त हवी. आजार वर आला की दोन ते तीन भाकऱ्या जास्त. नेमक्या याच वेळी तोंडात पांढरी बुरशी धरते, गिळताना दुखते, जुलाब लागतात आणि भूक मरते. बाजरीची कडक भाकरी घशाखाली उतरत नाही; मऊ खिचडी, कण्यांची पेज, दूध असे काही लागते. ते मिळाले नाही तर ताट समोर असूनही माणूस उपाशी. युगांडातील खेडुतांनी या आजाराला ‘स्लिम’ असे नाव दिले होते आणि १९८५ मध्ये ते वैद्यकीय वाङ्मयात नोंदले गेले, ते या वाळत जाण्यावरूनच.

कुपोषणाने रोगप्रतिकारशक्ती घटते, ती घटली की संसर्ग वाढतात, संसर्गाने अन्न अंगी लागत नाही. हे चक्र औषधाने तुटते, पण तुटण्याच्या पहिल्याच काही महिन्यांत धोका सर्वाधिक असतो. फार कमी वजनावर उपचार सुरू करणाऱ्यांमध्ये आरंभीचे मृत्यू अधिक होतात, हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. सिंगापूरमधील २००६ च्या एका अभ्यासात, उपचार सुरू होताना ज्यांचे कुपोषण मध्यम वा तीव्र होते त्यांच्यात मृत्यूचा धोका दुपटीहून थोडा अधिक आढळला होता.

औषधे आणि पोट यांचा संबंध औषधागणिक बदलतो. पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या झिडोव्हुडीनने मळमळ होई आणि रक्तक्षय होई. आधीच पंडुरोगी असलेल्या ग्रामीण स्त्रियांना तो झेपत नसे. इफाविरेन्झ रिकाम्या पोटी, निजताना घ्यावे लागे. रिटोनाव्हिरसोबत दिली जाणारी अटाझानाव्हिरसारखी दुसऱ्या फळीतील औषधे अन्नासोबतच घ्यावी लागतात. आता पहिल्या फळीत आलेले डोल्युटेग्रॅव्हिर अन्नासोबत किंवा अन्नाविना, कसेही चालते, ही मोठी सोय झाली. तरीही ‘गोळी गरम पडते, जेवल्याशिवाय घेऊ नये’ ही समजूत घट्ट आहे. परिणामी ज्या दिवशी जेवण नाही त्या दिवशी गोळीही नाही. सल्लागाराने ही गोष्ट स्पष्ट करून सांगितली पाहिजे: उपास घडला तरी गोळी चुकवू नये.

दुसरी अडचण उलट दिशेची. औषध लागू पडले की मेलेली भूक जोराने परत येते. बरे होण्याचे ते लक्षण असते. घरात धान्य नसलेल्याला मात्र ते संकट वाटते. अशाने काहींनी गोळ्याच बंद केल्याच्या नोंदी आफ्रिकेतील अभ्यासांत आहेत. या औषधांत खाडे चालत नाहीत. विषाणू दाबून ठेवायचा तर गोळ्या जवळजवळ एकही न चुकता घ्याव्या लागतात, नाही तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो आणि मग महागडी दुसरी फळी गाठावी लागते.

आणखी एक गोष्ट शहरी वाचकाला अनपेक्षित वाटेल. अन्न-असुरक्षित माणूस हडकुळाच असतो असे नाही. नुसता गहू-तांदूळ, साखरेचा चहा आणि तळलेले स्वस्त पदार्थ यांवर दिवस काढणाऱ्याचे वजन वाढतेही. त्यात डोल्युटेग्रॅव्हिरने काहींचे वजन वाढते. औषधाने आयुष्य लांबलेले हे रुग्ण आता चाळिशी-पन्नाशीत पोहोचले आहेत, आणि मधुमेह व रक्तदाब त्यांनाही गाठत आहेत. ‘भरपूर खा’ हा २००४ मधला सल्ला आज सरसकट देता येणार नाही.

रोज बुडवून औषध

धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शिंदखेड्याहून धुळे पन्नासेक किलोमीटर, आणि तालुक्याच्या आडगावाहून निघाले तर त्याहून अधिक. सुरुवातीच्या काळात औषध दरमहा आणावे लागे. सकाळची गाडी, रांग, समुपदेशन, तपासणी, परतीची गाडी यांत पूर्ण दिवस जाई. मजुरी करणाऱ्यासाठी याचा हिशेब सरळ आहे: एका दिवसाचा रोज बुडाला आणि भाड्याचे पैसे गेले. घरात एकाहून अधिक जण बाधित असतील तर हा खर्च तितक्याच पटीने वाढतो. पुढे ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत जोड-उपचार केंद्रे निघाली, एका वेळी दोन-तीन महिन्यांची औषधे देण्याची पद्धत आली आणि २०२० च्या टाळेबंदीत ती अधिक रुळली. एचआयव्हीबाधितांना एस.टी.च्या साध्या गाडीत मोफत प्रवासाची सवलतही आहे. ती घ्यायची तर ओळखपत्र वाहकाला दाखवावे लागते. वाहक ओळखीचा, शेजारी बसलेला गावचा. अशा वेळी पुष्कळ जण मुकाट्याने तिकीट काढतात. कागदावरची सवलत आणि हातात पडलेली सवलत यांत हे अंतर असते.

ऊसतोडीला वा सुरतेला गेलेल्याची गोष्ट वेगळी. जाताना पुरतील तेवढ्या गोळ्या न्याव्यात, किंवा तेथल्या केंद्रात नाव हलवून घ्यावे, असा नियम आहे. पण टोळीसोबत फडातल्या कोपीत राहणाऱ्याने गोळ्यांची बाटली कोठे लपवायची? मुकादमाकडून उचल घेतलेली असते. तब्येत बिघडली म्हणून हंगाम अर्ध्यावर सोडता येत नाही. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातला एक आजारी पडला की कोयता मोडतो, आणि उचल तशीच अंगावर राहते. पुढच्या वर्षी ती जोडी कोणी घेत नाही. सालदाराचेही तेच. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. अंगात ताप असलेली बाई अर्धाच कापूस वेचते आणि अर्धेच पैसे आणते.

ॲलेक्स द वाल आणि ॲलन व्हाइटसाइड या दोन अभ्यासकांनी २००३ मध्ये, दक्षिण आफ्रिका खंडातील दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर, एक विचार मांडला होता. नेहमीच्या दुष्काळात म्हातारी आणि लहान मुले आधी जातात आणि कर्ते हात शिल्लक राहतात, म्हणून पाऊस पडताच घर सावरते. एचआयव्ही मात्र कर्ते हातच नेतो. अशा घरावर दुष्काळ आला तर पाऊस पडूनही ते सावरत नाही. आपल्याकडे आफ्रिकेइतके संसर्गाचे प्रमाण कधीच नव्हते, त्यामुळे गावेच्या गावे कोसळली नाहीत. पण एकेका घरापुरते पाहिले तर हे निरीक्षण खानदेशालाही लागू पडते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राला रोजगार हमीने तारले असे आपण अभिमानाने सांगतो. त्या हमीची अट मात्र अंगमेहनतीची होती. ज्याच्या हातात खडी फोडण्याचे बळ नाही त्याला ती हमी कशी पुरणार?

विधवेची शिधापत्रिका

या प्रश्नाचा गाभा बहुतेक वेळा एका बाईपाशी येऊन थांबतो. नवरा आधी गेलेला, ती स्वतः बाधित, पदरी एक-दोन मुले. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषद, नॅको आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांनी महाराष्ट्रासह सहा राज्यांत केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एचआयव्हीबाधित विधवांपैकी सुमारे ७९ टक्के जणींना नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा नाकारला गेल्याचे आढळले होते. पतीच्या मृत्यूनंतर बहुसंख्य जणींचे सासर सुटले होते. शेत गेले म्हणजे घरचे धान्य गेले. माहेरी भाऊ-भावजयीच्या घरात तिचे ताट वेगळे ठेवले जाते की नाही, हा नशिबाचा भाग.

माहेरी आलेल्या या बाईचे नाव सासरच्या शिधापत्रिकेत असते. धान्य सासरी उचलले जाते, किंवा तिच्या वाट्याचे धान्य कोणालाच मिळत नाही. स्वतंत्र शिधापत्रिका हवी तर आधी सासरच्या पत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला हवा. त्यासाठी मूळ पत्रिका हवी, ती सासऱ्याच्या ट्रंकेत. हे पार पडून नवी पत्रिका निघाली तरी धान्य लगेच सुरू होईलच असे नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्रासाठी सुमारे सात कोटी लाभार्थ्यांचा इष्टांक २०११ च्या जनगणनेवर ठरलेला आहे. तालुक्याचा इष्टांक भरलेला असला तर नव्या नावाला थांबावे लागते.

अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो धान्य दरमहा मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षांसाठी ही मुदत वाढवण्यात आली. माय-लेकरे अशा दोन-तीन माणसांच्या घराला माणशी पाच किलोपेक्षा ३५ किलोची अंत्योदय पत्रिका कितीतरी मोलाची. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या अंत्योदय योजनेचा २००३ मध्ये विस्तार करताना विधवा आणि दुर्धर आजारी व्यक्ती कुटुंबप्रमुख असलेली निराधार घरे तीत घेण्यात आली. २००९ मध्ये तर केंद्र सरकारने दारिद्र्यरेषेखालील एचआयव्हीबाधितांच्या पात्र कुटुंबांना अंत्योदय यादीत अग्रक्रम द्यावा, असे राज्यांना स्पष्ट कळवले. तरतूद इतकी नेमकी आहे. पण ती मागायची म्हणजे गावच्या स्वस्त धान्य दुकानापासून तहसीलपर्यंत प्रत्येक टेबलावर आपला आजार सांगायचा, आणि तेथेच पाऊल अडते.

स्थलांतरितांसाठी मात्र एक चांगली गोष्ट झाली आहे. शिधापत्रिका दुसऱ्या राज्यात चालावी यासाठी देशात जे पहिले प्रयोग ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाले त्यांत महाराष्ट्र-गुजरात ही एक जोडी होती. सुरतेला गेलेल्या खानदेशी मजुराला तेथल्या दुकानात अंगठा लावून आपले धान्य घेता येते. ही सोय अनेकांना अजून ठाऊक नाही, म्हणून तिचा येथे मुद्दाम उल्लेख केला.

शिध्यात डाळ नाही

या शिध्यातला मोठा उणेपणा हा की तो गहू-तांदळाचा आहे. डाळ, तेल, शेंगदाणे यांना त्यात कायमची जागा नाही. सणासुदीला चणाडाळ-तेलाचा संच २०२२ च्या दिवाळीपासून वाटला गेला खरा, परंतु आजारी माणसाला सणापुरते पोषण पुरत नाही.

डाळीने काय फरक पडतो याचा भारतातील सर्वांत भक्कम पुरावा क्षयरोगाच्या क्षेत्रातून आला आहे. तो येथे अप्रस्तुत नाही, कारण एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण क्षयच आहे. डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखाली झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या देण्यात आल्या. या घरांत नवा क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, आणि फुफ्फुसाच्या संसर्गजन्य क्षयाचे ४८ टक्क्यांनी घटले. पाच किलो धान्य तर आपण आजही देतोच. या प्रयोगात त्यावर दीड किलो डाळ होती! क्षयरुग्णाला पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून मिळणारे दरमहा ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. एचआयव्ही असून क्षय नसलेल्याला मात्र हा लाभ नाही.

खुद्द एचआयव्हीबाधितांना अन्न देऊन काय साधते? झांबियाच्या लुसाका शहरात, अन्नाची चणचण असलेल्या रुग्णांना शिधा दिला तेव्हा औषध नियमित घेणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्के राहिले. शिधा न मिळालेल्यांत ते ४८ टक्के होते. हा अभ्यास २००८ चा. आंध्र प्रदेशच्या ग्रामीण भागात ॲडलिन न्यामथी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाधित स्त्रियांसाठी ‘आशा’ कार्यकर्तीच्या घरभेटी आणि दरमहा तूर-उडदाची मदत यांची सांगड घातली. तिचा स्त्रियांच्या वजनावर आणि प्रकृतीवर चांगला परिणाम दिसला. तूर-उडीद म्हणजे खानदेशच्या रोजच्या जेवणातलाच जिन्नस. हा प्रयोग येथे करायला काहीच अडचण नसावी. केनियातील ‘शांबा मैशा’ प्रकल्पाचा निकाल मात्र विचारात पाडणारा आहे. तेथे बाधित शेतकऱ्यांना पाण्याचा छोटा पंप घेण्यासाठी कर्ज आणि शेतीचे प्रशिक्षण दिले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांची अन्नसुरक्षा सुधारली. परंतु विषाणू नियंत्रणात असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच वाढले. याचा अर्थ औषधे नियमित आणि सहज मिळू लागली की रक्ताच्या तपासणीत अन्नाचा परिणाम वेगळा दिसेलच असे नाही. तपासणीत दिसत नाही म्हणून भूक खोटी ठरत नाही. पण ‘अन्न द्या म्हणजे विषाणू आटोक्यात येईल’ असे सरधोपट विधानही करू नये.

जाता जाता बाजाराबद्दल थोडेसे. एचआयव्हीबाधितांना प्रोटीनच्या पावडरी आणि ‘शक्तिवर्धक’ बाटल्या विकणारे कमी नाहीत. प्रथिनांची गरज एचआयव्हीमुळे वेगळी वाढते असा पुरेसा पुरावा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्येच म्हटले आहे. त्या डब्याच्या पैशांत महिनाभराचे शेंगदाणे, मूग, अंडी आणि गूळ येतो. शिजवलेले अन्न आणि उकळलेले पाणी यांना मात्र पर्याय नाही. उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असलेल्या गावांत तर पाणी हाच पोषणाचा पहिला प्रश्न असतो.

पैसे, मुले आणि कायदा

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्ससारख्या दुर्धर आजाराचे रुग्ण पात्र आहेत. तिची दरमहाची रक्कम २०१९ मध्ये १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली. उत्पन्नाची अट मात्र वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. इतक्या कमी उत्पन्नात कोणते घर चालते हे कोडेच आहे. चालत नाही म्हणूनच तर माणूस अर्ज करतो. या योजनेचे १,५०० रुपये घेणाऱ्या स्त्रीला २०२४ च्या लाडकी बहीण योजनेचे पैसे मिळत नाहीत. बाधित पालकांची मुले बालसंगोपन योजनेत बसतात आणि तिची रक्कम २०२३ मध्ये दरमहा २,२५० रुपये करण्यात आली. आई-वडील दोघेही गेलेल्या मुलांना पंढरपूरची ‘पालवी’, लातूरजवळच्या हासेगावचे ‘सेवालय’, बीडची ‘इन्फंट इंडिया’, अहिल्यानगरचे ‘स्नेहालय’ अशा संस्थांनी आधार दिला. या संस्थांच्या कामाला प्रारंभीच्या काळात गावांनी कसा विरोध केला होता, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत पूर्वीचा सल्ला बदलला, हे येथे सांगायला हवे. एकेकाळी बाधित आईला अंगावरचे दूध न देता पावडरचे दूध देण्याविषयी सांगितले जाई. पावडरचा खर्च आणि अशुद्ध पाणी यांमुळे कित्येक बाळे जुलाबाने दगावण्याचा धोका त्यात होता. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शक तत्त्वे बदलली. आईचे औषध नियमित सुरू असेल तर पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान, त्यानंतर वरचे अन्न देत स्तनपान चालू, असा सल्ला आता दिला जातो. अर्थात त्या आईच्या पोटात काही असले पाहिजे.

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा संसदेने २०१७ मध्ये संमत केला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्याची चर्चा भेदभावाच्या अंगाने झाली, पण त्यातील काही कलमे थेट चुलीपर्यंत पोहोचतात. बाधित वा बाधिताच्या घरातील स्त्रीला आणि अठरा वर्षांखालील मुलाला राहत्या सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे; तिला बाहेर काढता येत नाही. कल्याणकारी योजना या कुटुंबांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी केंद्र व राज्य सरकारांवर टाकलेली आहे. आई-वडील गेले असतील किंवा घर सांभाळण्यास असमर्थ असतील तर बारा वर्षांवरील समजूतदार भाऊ वा बहीण शाळाप्रवेश, बँक खाते, उपचार अशा कामांसाठी धाकट्यांचा पालक होऊ शकते. कायद्याने हे लिहावे लागले, यावरून अशा घरांची अवस्था कळावी.

निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करावा लागतो. त्यासोबत शासकीय रुग्णालयाचे प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि बँकेचे पुस्तक जोडावे लागते. मंजुरीसाठी अर्ज तालुका समितीपुढे जातो, आणि तीत अशासकीय सदस्यही असतात. म्हणजे ज्या गावापासून आजार लपवला त्याच तालुक्यातील चार माणसांसमोर ते प्रमाणपत्र येते. २०१७ च्या कायद्यानुसार बाधिताच्या लेखी संमतीवाचून त्याची स्थिती उघड करता येत नाही आणि अशी माहिती बाळगणाऱ्या प्रत्येक कार्यालयावर ती सुरक्षित ठेवण्याचे बंधन आहे. हे बंधन अर्ज घेणाऱ्या कारकुनालाही लागू आहे आणि समितीच्या सदस्यांनाही. अर्जदाराला ‘दुर्धर आजार’ एवढाच उल्लेख असलेले प्रमाणपत्र रुग्णालयाकडे मागता येते का, हे आधी उपचार केंद्रातील समुपदेशकाला विचारून घ्यावे.